हयातीचा दाखला

नोव्हेंबर महिना लागला की आमच्या बँकेत माणसं आपण जिवंत आहोत हे सांगायला येतात. पेन्शनरानं वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यायचा असा सरकारी नियम आहे. गेली वीस वर्षं मी काउंटरच्या अलीकडे बसून हे दाखले घेतो आहे, पण त्यातली गंमत काही अजून ओसरलेली नाही. समोरचा गृहस्थ अर्धा तास रांगेत उभा राहतो, पंखा का बंद म्हणून विचारतो, माझं पेन घेतो, लिहून झाल्यावर आपल्या खिशाला लावतो, मी परत मागितलं तर माझ्याच अंगावर खेकसतो. आणि एवढं सगळं करूनही फॉर्मवर सही होईपर्यंत बँकेच्या लेखी तो संशयितच! अलीकडे त्यात अंगठ्याच्या मशीनची भर पडली आहे. पूर्वी माणूस जिवंत आहे की नाही हे माणूस ठरवायचा. आता मशीन ठरवतं, आणि मशीनला भीड नसते.

तर अशाच एका नोव्हेंबरात अण्णा माझ्यापुढे येऊन उभे राहिले. अण्णा म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त कालवा निरीक्षक. सगळी नोकरी नीरा उजव्या कालव्याच्या कडेकडेनं, सायकलवरून झालेली. फलटण तालुक्यात कुणाच्या उसाला पाणी कधी मिळालं आणि कुणी रात्रीचं दार उचलून चोरून घेतलं, हे अण्णांना तोंडपाठ. दर एक तारखेला येणार, पासबुक भरून घेणार आणि भिंतीवरच्या सगळ्या पाट्या, अगदी 'ग्राहकांचे हक्क' सुद्धा, पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून मगच बाहेर पडणार. त्या दिवशी मात्र त्यांनी एकही पाटी वाचली नाही. श्रावणात त्यांची मंडळी गेली होती. मुलगा पुण्याला, मुलगी बारामतीला, आणि घरात अण्णा आणि भिंतीवरचं घड्याळ.

"सायेब," ते म्हणाले, "येळ जात न्हाई. पेपर साडेसातला येतो आन् आठाला संपतो. टीव्हीवर समदी एकमेकाच्या अंगावर वरडत्यात. तुमी वाचणारी माणसं. कायतरी वाचायला सांगा."

मी वाचणारा माणूस आहे, हा गावात पसरलेला गैरसमज दोन गोष्टींवर उभा आहे. एक म्हणजे एका दिवाळी अंकात माझे दोन विनोदी लेख छापून आले होते. दुसरी म्हणजे माझ्या कोपराशी कायम एक जाडजूड बांधीव ग्रंथ असतो. तो बँकेच्या परिपत्रकांचा आहे हे गिऱ्हाइकांना दिसत नाही. पण कुणी आपल्याला विद्वान समजत असेल तर ते नाकारण्याचं धैर्य माझ्या अंगी नाही. मी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणालो, "अण्णा, अभिजात वाचा."

"म्हंजे काय?"

"म्हणजे... जे काळाच्या ओघात टिकलं ते."

अण्णांनी थोडा विचार केला. "टिकतं तर लोणचं बी. पर गोड लागतंय का?"

आता इथे मला माझ्या शिक्षणाबद्दल खरं ते सांगितलं पाहिजे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मराठी साहित्याशी माझा संबंध 'जोड्या लावा' या चार मार्कांच्या प्रश्नापुरता. 'अ' गटात ग्रंथ, 'ब' गटात ग्रंथकार. 'माझा प्रवास'ची गाठ मी गोडसे भटजींशी, 'स्मृतिचित्रे'ची लक्ष्मीबाई टिळकांशी आणि 'लीळाचरित्रा'ची म्हाइंभटांशी इतक्या वेळा बांधली होती, की लग्नं लावणाऱ्या गुरुजींना यजमानांच्या संसाराची जेवढी माहिती, तेवढीच मला या पुस्तकांची. अक्षता पडल्या, दक्षिणा मिळाली, पुढे काय झालं ते देव जाणे! गोड लागतं का, हा प्रश्न तर ना परीक्षकानं कधी विचारला, ना गाईडवाल्यानं.

सुरक्षित म्हणून मी आधी 'श्यामची आई' सांगितलं. साने गुरुजींनी ते १९३३ सालच्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत लिहून काढलं, ही माहितीही पुरवली (गाईड, पान तीन). अण्णा म्हणाले, "ते नगं. पोरं ल्हान असताना मीच वाचून दाखवलंय. मी वाचायचो आन् ही चुलीपाशी रडायची. आता रडायला कोन हाय घरात?"

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. मी घाईघाईनं म्हणालो, "मग 'माझा प्रवास' वाचा. मी आणून देतो." आणि संध्याकाळी गावातल्या वाचनालयात जाऊन माझ्या नावावर ते काढलं. शनिवारी अण्णांना द्यायचं होतं. म्हणजे शुक्रवारपर्यंत आपण वाचून ठेवायला हवं. अण्णांनी एखादं पात्र विचारलं आणि मला सांगता आलं नाही तर बँकेची अब्रू ती काय राहिली?

मंगळवारी रात्री जेवण झाल्यावर पुस्तक उघडलं आणि सौ.नं दिवा बंद करा म्हणून तीनदा सांगितलं तेव्हा दीड वाजला होता.

विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसई गावचे भिक्षुक. घरात कर्ज. (इथे मी जरा सावरून बसलो. कर्ज म्हटलं की आमचा विषय आला.) बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर मिळणार, अशी बातमी लागली, तेव्हा चार पैसे मिळवून कर्ज फेडावं म्हणून भटजी आपल्या काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. जन्मभर दुसऱ्यांना मुहूर्त काढून देणाऱ्या या माणसानं स्वतः निघायला साल निवडलं ते १८५७! पुढचं काय सांगावं? शिपायांचं बंड, तोफा, पळापळ. आणि १८५८ साली इंग्रजांनी झाशीला वेढा घातला तेव्हा भटजी शहराच्या आत. राणी लक्ष्मीबाई आपण घोड्यावरच्या पुतळ्यात पाहतो. यांनी तिला रोजच्या व्यवहारात पाहिली. दक्षिणा मिळायची आणि लुटली जायची, पुन्हा मिळायची आणि पुन्हा लुटली जायची. जमा आणि नावे दोन्ही बाजू एकसारख्या चालू, शिल्लक शून्य. शेवटी भटजी घरी आले ते गंगेच्या पाण्याची कावड घेऊन, आणि त्या पाण्यानं त्यांनी आईवडिलांना स्नान घातलं. कर्ज तसंच.

पण मला अधिक नवल वाटलं ते या पुस्तकाच्या प्रवासाचं. भटजी काही लेखक नव्हते. घरी येऊन पंचवीस वर्षं त्यांनी हे सगळं येणाऱ्याजाणाऱ्याला नुसतं सांगितलं असणार. मग १८८३ च्या सुमारास चिंतामणराव वैद्यांनी, पुढे 'भारताचार्य' म्हणून गाजले तेच हे, भटजींना सांगितलं की तुम्ही पाहिलंत ते लिहून काढा. भटजींनी लिहिलं. पण राज्य इंग्रजांचं, आणि विषय बंडाचा. कागद पेटीत गेले. छापले केव्हा? १९०७ साली, भटजी वारल्यावर, आणि तेही वैद्यांनी भाषा नीटनेटकी करून, काही गाळून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम प्रत दत्तो वामन पोतदारांनी काढली ती १९६६ साली. म्हणजे व्यवहार १८५७ चा, व्हाउचर १८८३ चं, एंट्री १९०७ ची आणि चुकीची दुरुस्ती १९६६ ला! आमच्या शाखेत एका एंट्रीला एवढा वेळ लागला असता तर निदान तीन मॅनेजर निलंबित झाले असते.

अण्णांनी पुस्तक चार दिवसांत परत आणलं. मी राणीबद्दल, तोफांबद्दल काही चर्चा होईल म्हणून तयारीत होतो. अण्णा म्हणाले, "कावडीचं पाणी. एवढ्या लांबनं आणलं. गळती किती धरली असंल?"

"गळती?"

"सायेब, आमी वीर धरणाचं पाणी पंढरपुराकडं सोडताना बी गळती धरायचो. ह्यो मानूस खांद्यावरनं गंगा आणतोय." मग थोड्या वेळानं म्हणाले, "पर भटजी खोटं बोलत न्हाई. भ्याला तितं भ्यालो म्हनतो. गोड हाय. दुसरं द्या."

दुसरं! मी अजून पहिल्याच्या कैफात होतो. पण आता माघार घेणं शक्य नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मला स्वतःलाच चटक लागली होती.

'लीळाचरित्र' मी निवडलं ते निव्वळ फलटणकर म्हणून. चैत्रात आमच्या गावात महानुभावांची घोड्याची यात्रा भरते, तेव्हा लांबलांबून माणसं येतात. ज्या चक्रपाणींना, म्हणजे चांगदेव राऊळांना, महानुभाव पंचकृष्णांपैकी एक मानतात ते परंपरेनुसार आमच्या फलटणचेच. मंदिरासमोरून मी रोज सायकल नेतो, यात्रेत पोरांना पाळण्यात बसवतो. पण या पंथाच्या लोकांनी मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ लिहून ठेवला, हे मला 'जोड्या लावा'च्या पलीकडे माहीत नव्हतं. गावात राहून गावचं काही माहीत नसणं, यात आम्ही फलटणकर कुणाला हार जाणार नाही.

तेराव्या शतकातली गोष्ट. पंथाचे संस्थापक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर मागे राहिलेल्या शिष्यांना हुरहुर लागली. तेव्हा म्हाइंभटांनी एक काम अंगावर घेतलं: स्वामींबरोबर जे जे राहिले होते त्यांच्याकडे जायचं, आणि स्वामी कुठे उतरले, काय बोलले, कुणावर रागावले, काय जेवले, ते विचारून टिपून घ्यायचं. थकबाकी वसुलीला आमचे अधिकारी गावोगाव हिंडतात तसे म्हाइंभट आठवणी वसूल करीत हिंडले. आणि नोंदी तरी कशा? गावाचं नाव, जागेचं नाव, हजर कोण होतं ते, आणि दोन जणांनी निरनिराळं सांगितलं तर तेही. ऑडिटरनं एक शेरा मारू नये अशी वही! त्यात बाइसा आहेत, स्वामींचं खाणंपिणं सांभाळणाऱ्या आणि दुसरं कुणी जवळ आलं की मनातून कुरकुरणाऱ्या. महदाइसा आहेत, सारखे प्रश्न विचारणाऱ्या. देवाच्या चरित्रात एवढी हाडामांसाची माणसं भेटतील अशी माझी अपेक्षा नव्हती.

मग त्या वहीचं काय झालं? परंपरा सांगते की अल्लाउद्दीन खिलजीच्या काळातल्या धामधुमीत मूळ प्रत नाहीशी झाली आणि ज्यांना ती पाठ होती त्यांनी आठवून आठवून पुन्हा लिहून काढली. म्हणून तर तिचे निरनिराळे पाठ आहेत. पुढे चौदाव्या शतकात पंथीयांनी आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहायला सुरुवात केली. तिचं नाव सकळ लिपी. अक्षरांच्या जागी अक्षरं बदललेली. किल्ली फक्त पंथातल्यांपाशी. झालं! लॉकर बंद. बाहेरच्या मराठी माणसाला आपल्या भाषेत असा ठेवा आहे याचा पत्ता नाही, तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्यासारख्यांच्या हाती किल्ली लागेपर्यंत. आम्ही तीन वर्षं भाडं थकलं की लॉकर फोडायची नोटीस पाठवतो. इथे पाचशे वर्षांवर गेली. पुढे हरि नारायण नेन्यांनी आणि १९७८ साली वि. भि. कोलत्यांनी ग्रंथ छापून सर्वांपुढे ठेवला. कोलत्यांची ती प्रत हातात घेतली की आधी दंडाला कळतं की हे अभिजात आहे.

(आपलीच माणसं अशी, असं समजायचं कारण नाही. लंडनच्या आरमार खात्यात सॅम्युअल पीप्स नावाचे एक आमच्यासारखेच कचेरीतले गृहस्थ होते. त्यांनी १६६० पासून नऊ वर्षं रोजनिशी लिहिली ती लघुलिपीत, बहुधा बायकोला कळू नये म्हणून. पुढे दीडशे वर्षांनी एका गरीब विद्यार्थ्याला ती उलगडायला बसवलं. त्यानं तीन वर्षं डोळे फोडून काम संपवलं. आणि त्या लघुलिपीचं पाठ्यपुस्तक त्याच ग्रंथसंग्रहात, जवळच्याच कपाटात पडलेलं होतं. हे वाचल्यावर मला आमच्या शाखेतल्या रेकॉर्ड रूमबद्दल वाटणारी शरम बरीच कमी झाली.)

अण्णांना भाषा अडेल अशी मला भीती होती. मलाच ती अडली होती. मागच्या शब्दार्थांकडे सारखी पानं उलटून माझा अंगठा दुखायला लागला. अण्णा म्हणाले, "आमची आजी असंच बोलायची की. तुमी बँकेत बोलता ते अवघड." त्यांनी सगळं वाचलं नाही, मीही नाही. अधूनमधून उघडायचं, दोन लीळा वाचायच्या आणि मिटायचं, असं आमच्या दोघांचं ठरलं. असे ग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग वाचले पाहिजेत, ही कल्पना ज्यानं काढली त्यानंच ते ग्रंथ कपाटात कोंडले असं माझं मत आहे.

यानंतरचे सहा महिने मी फार झपाट्यानं सुशिक्षित झालो. सगळंच गोड लागलं असं नाही. लक्ष्मणशास्त्री हळब्यांची १८६१ सालची 'मुक्तामाला' मी तीनदा उघडली आणि तीनदा मला झोप लागली. अण्णांना ती मी दिलीच नाही; विधुर माणसावर किती संकटं आणायची? हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' मात्र आम्ही दोघांनी पुरवून पुरवून वाचली, कारण ती तशीच वाचायची आहे. १८९० साली 'करमणूक' साप्ताहिक काढून हरिभाऊंनी ती क्रमशः छापली, तेव्हा लोक पुढच्या अंकाची वाट बघत बसायचे. यमूचे हाल वाचून अण्णा इतके संतापले की मला म्हणाले, "त्या शंकरमामंजीला एकदा कालव्यावर पाठवा माझ्याकडं."

आणि 'बनगरवाडी'! व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली निघाली. आटपाडीकडचा मुलूख, धनगरांची वस्ती, आणि तिथे बदलून आलेला एक पोरगेला मास्तर. फलटणहून दहिवडीचा घाट चढलं की माणदेश लागतो. इकडे हिरवागार ऊस आणि घाटावर चढताच कुसळं. पुस्तक दीडशे पानांच्या आतबाहेर. अण्णांनी ते एका बैठकीत संपवलं आणि दुसऱ्या दिवशी बँकेत आले तेव्हा गप्प होते. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी उठून जाते. अण्णा म्हणाले, "आमच्या कालव्याला तिकडं नेता आलं न्हाई. चढ हाय." जणू काही ती चूक त्यांचीच होती.

अण्णांची मंडळी माहेरची माणातली, हे मला त्या दिवशी कळलं.

श्रावण तोंडावर आला. वर्षश्राद्धाची तयारी चालली असेल, अशा वेळी काय द्यावं? मला खरं म्हणजे काहीतरी हलकं द्यायचं होतं. लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' मी नुकतंच वाचून काढलं होतं आणि इतका हसलो होतो की शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मॅनेजरकडे बघितलं होतं. सोवळ्यापायी बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येऊ न देणारे वडील, आणि कधी सांगून तर कधी न सांगता घरातून निघून जाणारा कवी नवरा. त्या दोघांची भांडणं आणि त्या भांडणांतली माया. नवरा १८९५ साली ख्रिस्ती होतो. बाई पाच वर्षं वेगळ्या राहतात, मग परत त्याच्याकडे जातात आणि पुढे स्वतःही ख्रिस्ती होतात. हे सगळं बाई अशा सांगतात की जणू पलीकडच्या ओट्यावर बसून तांदूळ निवडताहेत. कुठे तक्रार नाही, कुठे आव नाही. हसायचं ते जास्तीत जास्त स्वतःलाच. शाळा अशी बाईंनी पाहिलीच नव्हती. १९१९ साली टिळक गेले. मुलाला वडिलांचं चरित्र लिहायचं होतं, म्हणून त्यानं आईला आठवणी सांगायला लावल्या. त्या आठवणी 'संजीवनी'त येऊ लागल्या, आणि १९३४ पासून पुस्तकरूपानं निघाल्या. चरित्र मागायला गेले आणि हे हाती लागलं! माझ्या मते मराठीत एकच पुस्तक वाचायचं असेल तर हे वाचावं, आणि दोन वाचायची असतील तर हेच दोनदा.

पण नवरा गेल्यावर बायकोनं सांगितलेला संसार बायको गेलेल्या नवऱ्याच्या हातात आपण ठेवतो आहोत, हे माझ्या डोक्यात आलं नाही. कॉमर्स.

अण्णांनी पुस्तक नेलं. एक तारीख आली, अण्णा आले नाहीत. वाटलं, पाऊस आहे. दुसरी एक तारीख आली. अण्णा नाहीत. मी संगणकावर त्यांचं खातं उघडलं. पेन्शन जमा, पेन्शन जमा. नावे बाजू कोरी. बँकेत काम करणाऱ्या माणसाला खात्याची भाषा कळते. पेन्शनरचं खातं असं नुसतं जमा होत राहिलं की आम्ही एकमेकांकडे बघतो आणि कुणी बोलत नाही. संध्याकाळी मी त्यांच्या घरावरून गेलो. दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, गावाला गेलेत, कधी येणार माहीत नाही. घरी येऊन मी सौ.ला म्हणालो, "मी त्यांना ते पुस्तक द्यायला नको होतं." ती म्हणाली, "पुस्तकानं कुणी मरत नाही." मग जरा थांबून म्हणाली, "पण दुसरं दिलं असतंत तर बरं झालं असतं."

दसरा झाल्यावर अण्णा आले. काळवंडलेले, दाढी वाढलेली, काखेत पिशवी. पिशवीतून त्यांनी आधी 'स्मृतिचित्रे' काढलं आणि मग एक दोनशे पानी वही.

"मेव्हनीकडं जाऊन आलो," ते म्हणाले. "हिची थोरली भन. आता तीच एक उरलीय. तिला इचारलं, सांग म्हनलं, ल्हानपणी ही कशी हुती." त्यांनी वही उघडली नाही, नुसता तिच्यावर हात ठेवला. "सायेब, मी पाटबंधाऱ्यात पस्तीस वर्सं काढली. मला पवता येत न्हाई. आन् हिला येत हुतं! इहिरीत वरनं उडी टाकायची, पोरांच्या पैजा जिंकायची. चव्वेचाळीस वर्सं संसार केला. मला बोलली न्हाई."

"तुम्ही कधी विचारलं नाहीत?"

"तेच की. त्या टिळकबाईला तिच्या पोरानं इचारलं. भटजीला त्या वैद्यांनी इचारलं. ह्यो तुमचा म्हाइंभट घरोघर इचारत हिंडला. मी सांजच्या बातम्या ऐकत हुतो."

रांगेतला मागचा माणूस खाकरला. मी पासबुक भरून दिलं. दोन महिन्यांचे पैसे काढायचेत का विचारलं, तर म्हणाले, थोडे काढा, आणि अशी आणखी एक वही घ्यायची आहे. धाकट्या नणंदेला विचारायचं राहिलंय.

नोव्हेंबर उजाडला. अण्णा हयातीचा दाखला द्यायला आले. मशीनवर अंगठा ठेवला, लाल दिवा. पुसून ठेवला, लाल दिवा. दुसरा अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट, सगळ्यांना लाल दिवा. जन्मभर दारांची लोखंडी चाकं फिरवून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. मशीनच्या मते अण्णा नव्हते. मागे सतरा माणसं आपण आहोत हे सांगायला ताटकळत उभी. शेवटी मी कागदी फॉर्म काढला. अण्णांनी माझं पेन घेतलं, सही केली आणि पेन खिशाला लावलं.

"आता म्होरलं कुठलं?" त्यांनी विचारलं.

या वेळी मी तयारीत होतो. "'युगान्त'," मी म्हणालो. "इरावती कर्व्यांचं. महाभारतातली माणसं, पण देव्हाऱ्यातली नव्हेत. १९६७ सालचं. साहित्य अकादमीचं बक्षीस मिळालेलं. आणि अण्णा, इरावतीबाईंची लेक आपल्या फलटणात दिलेली, बरं का! जाई निंबकर. त्याही लेखिका." एवढं सांगून मी थांबलो, कारण मला एवढंच माहीत होतं. पुस्तक मी अजून उघडलं नव्हतं. "शनिवारी आणून देतो."

अण्णा काही बोलले नाहीत. मान हलवून 'ग्राहकांचे हक्क' वाचायला भिंतीकडे वळले.

संध्याकाळी मी पाच मिनिटं आधी कॅश मिटवून वाचनालय गाठलं. शुक्रवारपर्यंत तीन रात्री हातात होत्या. ग्रंथपाल बाईंनी रजिस्टर पाहिलं आणि म्हणाल्या, "'युगान्त' बाहेर गेलंय. गेल्या सोमवारी नवीन मेंबर झालेत एक आजोबा, कालव्यावरचे. त्यांनी नेलंय. आणि तुमच्यासाठी निरोप ठेवलाय, की शनिवारी बँकेत आणून देतो म्हणून."